देखणा युवराज

युवराज ही एक बुरशी होती. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण आमच्या प्रयोगशाळेत नवीन आलेल्या माणसाला पहिले काही दिवस युवराज हा सरांचा मुलगा असावा असं वाटे. सर बोलतच तसे. 'युवराज आज जरा सुस्त वाटतोय.' 'युवराजाला वाऱ्यावर उघडा ठेवू नका.' 'माझ्याशिवाय कोणी त्याला हात लावायचा नाही.' सरांना खरोखरीचा मुलगाही होता, दूर कुठेतरी नोकरीला. त्याच्याविषयी मात्र त्यांच्या तोंडून आम्ही कधी एक वाक्य ऐकलं नाही.

ही बुरशी माणसाच्या तोंडात, आतड्यात बिनबोभाट राहते. अंगात ताकद असेपर्यंत तिचा त्रास नसतो. मोठं आजारपण आलं, प्रतिकारशक्ती खचली, की ती रक्तात उतरते, मूत्रपिंडात ठाण मांडते आणि माणसाला संपवते. सरांनी तरुणपणी एका रुग्णाच्या रक्तातून ती वेगळी काढली आणि तेव्हापासून बशीसारख्या एका प्लेटवरून दुसऱ्या प्लेटवर, दुसरीवरून तिसरीवर, अशी वाढवत आणली. इतर प्रयोगशाळा असे नमुने गोठवून ठेवतात आणि प्रत्येक प्रयोगाला गोठवलेल्या साठ्यातून ताजा काढतात. सरांना ते पटत नसे.

"गोठवलेला जीव तो काय जीव?" ते म्हणत. "माझा युवराज एक दिवस झोपलेला नाही."

"एक दिवस नाही, सर," होयबा म्हणे.

होयबाला त्याच्या आईवडिलांनी चांगलंसं नाव ठेवलं होतं. ते हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. तो माझ्यासारखाच पोस्टडॉक होता. पोस्टडॉक म्हणजे पीएचडी झालेल्या पण नोकरी न लागलेल्या माणसाला दिलेलं सभ्य नाव. दरवर्षी सरांनी सही केली तर आम्ही आणखी वर्षभर शास्त्रज्ञ, नाही केली तर घरी.

दर सोमवारी सकाळी युवराजाचं घर बदललं जाई. सर इस्त्रीचा कोट घालून येत. आम्ही सगळे अर्धगोल करून उभे राहत असू. सर प्लेट उजेडाकडे धरत. पिवळसर, खळीसारख्या खाद्यावर पांढऱ्या ठिपक्यांची, म्हणजे कॉलन्यांची, रांगोळी पसरलेली असे. एकेका कॉलनीत लाखो पेशी. त्यातली एक उचलायची आणि नव्या प्लेटवर ओढायची, एवढंच काम. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी गाणं गुणगुणत करतो. सर मात्र उपवर मुली बघायला आल्यासारखे एकेकीवरून नजर फिरवत.

"ही बघा. गोल, गुळगुळीत, मोत्यासारखी. देखणी आहे की नाही?"

"देखणी, सर."

"आणि ही कडेची? सुरकुतलेली. कशी केसाळ झालीय बघा. ही नको."

"नकोच, सर. म्हातारी झालीय."

सर हसत, देखणी कॉलनी लूपच्या, म्हणजे तारेच्या फासाच्या, टोकावर उचलत, आणि बाकीची प्लेट कचऱ्यात जाई. त्या क्षणी जे चाललं होतं ते अर्धगोलातल्या प्रत्येकाला पुस्तकात शिकवलेलं होतं. आम्ही सगळे त्यावर परीक्षा देऊन पास झालो होतो. समोर बघून कोणाच्याही डोक्यात ते आलं नाही. मीही त्याच अर्धगोलात होते.

सरांची कीर्ती एका प्रथिनावर उभी होती. उंदरांना आधी ते टोचायचं आणि मग युवराज टोचायचा. प्रथिन मिळालेले उंदीर जगत, न मिळालेले आजारी पडत. प्रतिकारशक्तीची गुरुकिल्ली सापडली असं सर सांगत, आणि आलेख तसंच दाखवत. एक बारीकशी कटकट होती. उंदीर आजारी पडावेत म्हणून युवराजाचा डोस दरवर्षी थोडा वाढवावा लागे. पूर्वी जो डोस पुरत असे, त्याच्यावर आता उंदीर पिंजऱ्यात चाक फिरवत बसत.

"आजकालचे उंदीर खाऊनपिऊन धष्टपुष्ट झालेत," सरांनी निदान केलं होतं. होयबाने हे वाक्य एका परिषदेत, जरा सजवून, व्यासपीठावरून सांगितलं. कोणी हसलं नाही.

तर त्या वर्षी विभागात संशोधकाचं एक कायम पद निघालं. कायम म्हणजे कायम. दरवर्षी सही नको, सोमवारी अर्धगोल नको, स्वतःचं कपाट, स्वतःचा प्रश्न. निवड समिती करणार होती, पण समिती सरांच्या शब्दाबाहेर जाणार नाही हे भिंतींनाही माहीत होतं. उमेदवार दोन, मी आणि होयबा. त्याच सुमारास सरांचा मोठा लेख मासिकाच्या परीक्षकांनी एक अट घालून परत पाठवला. एखाद्या रुग्णाकडून नुकत्याच मिळालेल्या बुरशीवरही हे प्रथिन चालतं, एवढं दाखवा.

सरांनी मला बोलावलं. "औपचारिकता आहे. उरकून टाक. ही शेवटची आकृती आणलीस की पद तुझं. समितीला मी सांगतो."

"आणि नाही आली तर, सर?"

"नाही यायला काय झालं?" ते खरंच गोंधळले होते. "प्रथिन तेच, उंदीर तेच."

मी घरी ही बातमी सांगायला नको होती. पण नवरा बातमी पोटात ठेवणारा नाही. तो शाळेत गणित शिकवतो आणि मुलांना सांगतो की उत्तर आल्याशिवाय उत्तर लिहू नये. त्याने मात्र त्याच दिवशी वरच्या मजल्यावर जाऊन त्याच्या बहिणीला सांगितलं. माझी नणंद बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे. जिना उतरून आली ती बोलतच.

"पिंट्या म्हणतोय तू कायम होणार म्हणे! अगं, खरं की काय?"

"अजून झाले नाही, ताई. एक प्रयोग राहिलाय."

"बघ, सुरू झालं. एक प्रयोग राहिलाय! लग्नात उभी राहिलीस तेव्हाही एक प्रयोग राहिला होता." तिने खुर्ची ओढली. "मला लोक विचारतात, वहिनी काय करते? मी सांगते, शिकते. म्हणतात, अजून? मी म्हणते, हो बाई, हुशार आहे ना, म्हणून वेळ लागतोय."

नवरा हसला. मी त्याच्याकडे बघितल्यावर थांबला.

"तायडे, तिचं काम सोपं नसतं."

"मी कुठे सोपं म्हणतेय? उंदरांचं एवढं करणं कोणाला जमतं? घरच्यांचंसुद्धा कोणी करत नाही." मग एकदम आवाज बदलून ती मला म्हणाली, "हे बघ, थट्टा सोड. या वेळेला सोडू नकोस. तुझ्या त्या सरांना जे हवंय ते दे आणि मोकळी हो. एकदा खुर्चीत बसलीस की मग हवा तेवढा खरेपणा कर. बँकेत आम्ही तेच करतो."

ती चेष्टा करत नव्हती. माझ्यासाठी मनापासून काही सांगायची तिची पद्धत हीच होती. आणि मला ते पद हवं होतं, हेही खरं. इतकं, की दुसऱ्या दिवशी बसमध्ये उभ्या उभ्या मी मनातल्या मनात त्या कपाटाचे कप्पे लावत होते.

मोठ्या रुग्णालयात बुरशीच्या तपासण्या बघणाऱ्या एक डॉक्टरीणबाई होत्या. तळघरात त्यांची खोली, टेबलावर एक मायक्रोस्कोप आणि त्याच्या शेजारी अर्धवट खाल्लेलं सफरचंद. त्यांनी मला डबीत बंद केलेली प्लेट दिली. अतिदक्षता विभागातल्या एका रुग्णाच्या रक्तातून आलेली बुरशी. रुग्ण वाचला नव्हता.

"कोंब फोडून बघितलाय," त्या म्हणाल्या. "चांगले लांब फुटतात."

कोंब फोडणं ही आमच्या विषयातली अगदी बाळबोध चाचणी. बुरशीच्या पेशी सीरममध्ये, म्हणजे रक्तातल्या निवळीत, शरीराइतक्या उबेत दोन-तीन तास ठेवायच्या आणि मायक्रोस्कोपखाली बघायच्या. एरवी गोल असलेल्या पेशीला कोंब फुटतो, कोंबाचा तंतू होतो. तोच तंतू उतींमध्ये घुसतो, आणि आपल्याला गिळायला आलेली पांढरी पेशी फाडून बाहेर येतो. या बुरशीचे दातच म्हणा ना.

"तुमचाही बघत असाल अधूनमधून?" त्यांनी विचारलं.

"आमचा स्ट्रेन नामांकित आहे," मी म्हणाले. स्ट्रेन म्हणजे बुरशीचा वाण.

त्यांनी सफरचंदाचा एक घास घेतला. "बरं," त्या म्हणाल्या.

जिना चढताना माझ्या लक्षात आलं की त्यांनी विचारलेल्या प्रश्नाला मी उत्तर दिलंच नव्हतं. होयबाने दिलं असतं तसं काहीतरी दिलं होतं.

प्रयोग मी नेहमीच्या काळजीने केला. अर्ध्या उंदरांना प्रथिन, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी, कोणाला काय ते पिंजऱ्यावर लिहिलेलं नाही. मग रुग्णालयातली बुरशी. युवराजाचा डोस दिला असता तर सगळेच लगेच गेले असते, म्हणून मी जुन्या पुस्तकांत दिलेला लहान डोस घेतला. काही दिवसांत सगळ्या पिंजऱ्यांतले उंदीर एकाच पद्धतीने कोपऱ्यात बसू लागले, पाठ वाकलेली, केस विस्कटलेले. चाकं थांबली. कोणाला काय दिलं होतं ते शेवटी उघडून बघितलं, तेव्हा प्रथिन मिळालेले आणि न मिळालेले यांच्यात काहीही फरक नव्हता. प्रथिनाचा केसाएवढाही उपयोग झाला नव्हता.

सरांनी आकडे बघितले आणि कागद उलटा ठेवला.

"रानटी आहे हा स्ट्रेन. रुग्णालयातला कचरा. दुसरा आण."

दुसरा आणला. तेच झालं. तिसरा मागायला गेले तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "देते की. पण तुम्ही नक्की काय शोधताय, बुरशी का सोयरीक?"

मी परत आले आणि तिसऱ्या प्लेटला हात लावायच्या आधी एक काम केलं. दोन नळ्या घेतल्या, दोन्हीत सीरम घातलं. एकीत रुग्णालयातली बुरशी, दुसरीत युवराज. सर बैठकीत होते. हात लावू नये म्हणून सांगितलेल्या प्लेटला मी हात लावला. नळ्या उबेत ठेवल्या आणि डबा खायला गेले. होयबा जेवताना म्हणाला, "सर म्हणत होते, तुझ्या हातालाच काहीतरी आहे. काही लोकांचे उंदीर मरतातच म्हणे."

"तुला काय वाटतं?"

"मला?" हा प्रश्न त्याला बहुधा बऱ्याच दिवसांत कोणी विचारला नव्हता. त्याने डब्याचं झाकण लावलं. "सर म्हणतात म्हणजे असेल."

दोन तास भरल्यावर पहिली नळी बघितली. लांब, सरळ तंतू, एकमेकांत गुंतलेले, जणू कोणी दोऱ्याचं रीळ उसवून टाकलंय. दुसरी बघितली. गोल, गुळगुळीत पेशी. मोत्यासारख्या. एकीलाही कोंब नाही. मी काच सरकवत राहिले, कडेपर्यंत गेले, नवीन थेंब घेतला. संध्याकाळपर्यंत ठेवून पुन्हा बघितलं. देखण्या मोत्यांचं एक शेत.

तंतू धरणाऱ्या पेशींची कॉलनी सुरकुतलेली दिसते, केसाळ दिसते. ज्यांना तंतू धरता येत नाही त्यांची गुळगुळीत. सर दर सोमवारी आम्हा सगळ्यांच्या साक्षीने गुळगुळीत तेवढी उचलत होते आणि दात असलेली कचऱ्यात टाकत होते. इतक्या वर्षांत त्यांनी युवराजाचा एकेक दात स्वतःच्या हाताने उपटला होता, कोट इस्त्री करून. उंदीर धष्टपुष्ट झाले नव्हते, बुरशी बोळकी झाली होती. डोस भरमसाट वाढवला की तेवढ्या नुसत्या ओझ्याने उंदीर आजारी पडत, आणि सरांचं प्रथिन ते ओझं थोडं हलकं करत असे. बिनदाताच्या बुरशीपासून ते रक्षण करत होतं. तिच्यापासून कोणाला रक्षण हवं होतं, हा वेगळा प्रश्न.

खोलीबाहेर पडले तर समोरच्या भिंतीवर चौकटीतलं छायाचित्र. सरांच्या पहिल्या लेखातलं, काळं-पांढरं, खाली सोनेरी अक्षरांत वर्ष. युवराज, तरुणपणीचा. पाणी प्यायला जाताना रोज मी त्याच्यासमोरून जात असे, आम्ही सगळेच जात असू, आणि पाहुण्यांना सर आधी तिथेच उभं करत. चौकटभर लांब, दांडगे तंतू पसरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांना मायक्रोस्कोपपाशी बोलावलं. दोन्ही काचा दाखवल्या. त्यांनी बराच वेळ बघितलं. मग चष्मा काढला, पुसला, लावला, पुन्हा बघितलं.

"सीरम जुनं असेल," ते म्हणाले.

"एकाच बाटलीतलं आहे, सर. दोन्हीला."

"ऊब कमी पडली असेल."

"एकाच इन्क्युबेटरमध्ये होत्या."

ते उठले, व्हरांड्यात गेले. छायाचित्रासमोर उभे राहिलेले मला दारातून दिसत होते. त्या वेळी मला त्यांची कीव आली, हे मी नाकारणार नाही. सगळं आयुष्य एका प्लेटवर घातलेला माणूस. आता ते खचतील, बसतील, कदाचित मुलाचं नाव घेतील, असलं काहीतरी माझ्या डोक्यात आलं. फुकट गेली ती कीव. आत आले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता.

"कळलं का तुला, आपण काय केलंय?"

"काय, सर?"

"आपण कोंब न फोडणारा स्ट्रेन तयार केलाय! निवड करून. पिढ्यान् पिढ्या. माझ्यासारखी चिकाटी कोणाकडे आहे? प्रथिन नेमकं बुरशीच्या गोल रूपावर काम करतं, हे दाखवायला असाच स्ट्रेन लागतो. आपण तो मुद्दाम घडवला."

"मुद्दाम, सर?"

"मग काय, आपोआप?" ते आता येरझाऱ्या घालत होते. "लेखाचं शीर्षक बदलू. रुग्णालयातल्या स्ट्रेनवर चालत नाही, हाच तर पुरावा! परीक्षक गप्प बसतील. आणि हे बघ, समितीपुढे तू हेच मांड. पहिल्यापासून योजना होती, तू ती पूर्ण केलीस. पद तुझंच."

पाच मिनिटांपूर्वी जी चूक होती ती आता योजना झाली होती. होयबा दारात उभा होता.

"वा, सर," तो म्हणाला. "पहिल्यापासूनच."

नणंदेला मी या वेळी स्वतःच सांगितलं. ती ऐकत राहिली, मध्ये एकदाही बोलली नाही, हे आश्चर्यच.

"म्हणजे तुला फक्त एवढंच म्हणायचंय की आधीपासून माहीत होतं?"

"हो."

"आणि बाकी सगळं खरं आहे? बुरशी, उंदीर, प्रथिन?"

"बाकी सगळं खरं आहे."

"मग त्यात काय एवढं! आमच्याकडे कर्ज बुडालं की साहेब म्हणतात, आम्हाला अंदाज होताच. कोणाचं काय बिघडतं?"

"पुढे कोणीतरी हे प्रथिन माणसांना देईल, ताई. आजारी माणसांना. त्यांच्या रक्तातल्या बुरशीला दात असतात."

"लेखात लिहिलेलं असेल ना पण, गोल रूपावरच चालतं म्हणून?"

"बारीक अक्षरांत."

ती माझ्या नवऱ्याकडे वळून म्हणाली, "पिंट्या, तुझी बायको काही कायम होत नाही, लिहून घे." आणि मला, उठता उठता, "वेडी आहेस. जेवलीस का?"

समितीत तिघं होते, शिवाय सर. लांब टेबल, प्रत्येकासमोर पाण्याची बाटली, कोणीही न उघडलेली. अध्यक्ष हाडांच्या आजारांवर काम करणारे होते. त्यांना बुरशीतलं ओ की ठो कळत नव्हतं आणि ते लपवायचीही त्यांना गरज वाटत नव्हती. मी आकडे दाखवले, दोन्ही काचांची छायाचित्रं दाखवली. सर मान डोलावत होते. अध्यक्षांनी शिष्टाचार म्हणून विचारावा तसा प्रश्न विचारला.

"फारच कल्पक योजना. म्हणजे स्ट्रेन असा घडवायचा, हे सुरुवातीपासून ठरलेलं होतं?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर जराही काळजी नव्हती. एव्हाना ते स्वतःच ते खरं मानायला लागले होते, त्यामुळे त्यांना खोटं बोलायची गरजच उरली नव्हती. ती गरज फक्त मला होती.

"नाही," मी म्हणाले. "कोणालाच माहीत नव्हतं. दिसायला चांगली कॉलनी निवडत गेल्यामुळे असं झालं. कोंब फुटतात का, हे आमच्यातल्या कोणी तपासलंच नाही. मीसुद्धा नाही. युवराजावर झालेले सगळे जुने निकाल पुन्हा बघायला हवेत, आणि ते झाल्याशिवाय हे प्रथिन माणसांपर्यंत जाऊ नये."

अध्यक्षांनी पहिल्यांदाच बाटली उघडली.

"युवराज कोण?" शेजारच्या सदस्याने हळूच विचारलं.

सर हसले. अगदी मोकळेपणाने, लेकराच्या बोबड्या बोलण्याला हसावं तसे. "आमच्या बाईंचा प्रामाणिकपणा वाखाणण्यासारखा आहे," ते समितीला म्हणाले. "हाताने काम करणाऱ्याला योजना दिसतेच असं नाही. गवंड्याला इमारत कुठे दिसते?"

तिघंही हसले. हाडांचे अध्यक्ष जरा जास्तच.

माझ्यानंतर होयबा आत गेला. त्याला तोच प्रश्न विचारला असावा, कारण दार बंद व्हायच्या आत त्याचं उत्तर मला ऐकू आलं. होच होतं.

पद त्याला मिळालं. माझ्या मुदतवाढीवर सरांनी सही केली नाही, पण रागाने नव्हे. त्यांनी मला शिफारसपत्र दिलं, त्यात 'काटेकोर' हा शब्द होता, शिवीसारखा ठेवलेला. डॉक्टरीणबाईंना मी उरलेल्या प्लेट्स नष्ट केल्याचं सांगायला गेले. सगळं ऐकून त्यांनी मला एवढंच विचारलं की एका लहान मासिकाला हे दोन पानांत लिहून पाठवणार का, जुन्या निकालांसकट. त्यांच्याकडे नोकरी नव्हती, ती त्यांनी देऊही केली नाही. त्यांनी खुर्ची सरकवून दिली. तळघरातल्या त्या टेबलावर सध्या मी ती दोन पानं लिहिते आहे. छापून येतील की नाही, माहीत नाही. ज्या मासिकाकडे पाठवणार त्याच्या सल्लागार मंडळावर सर आहेत.

सामान आवरायला गेले तो नेमका सोमवार होता. व्हरांड्यातली चौकट तीच होती, सोनेरी अक्षरं तीच, आतलं छायाचित्र नवीन. गोल मोत्यांचं शेत. मीच काढलेलं. पाणी पिताना मी ते बघून घेतलं. चांगलं आलं होतं.

आत अर्धगोल भरला होता. होयबाचा कोट इस्त्रीचा होता. युवराजाला हात लावायचा मान सरांनी आता त्याला दिला होता. त्याने प्लेट उजेडाकडे धरली. मी माझ्या सामानाची पेटी उचलून त्यांच्या मागून जात होते, तेवढ्यात मला ती दिसली. प्लेटच्या कडेला एकच कॉलनी, बारीक सुरकुत्यांची, कडेने केसाळ. इतक्या वर्षांनी, इतक्या काटछाटीनंतर, कुठल्याशा पेशीला पुन्हा तंतू धरता येऊ लागला होता.

होयबालाही ती दिसली. त्याने तिथे लूप नेली आणि थांबला. मग मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्याला कळत होतं. त्याला पहिल्यापासून सगळं कळत असणार, पुस्तकं त्यानेही तीच वाचली होती.

"ती नको," सर म्हणाले. "सुरकुतलेली आहे."

"नकोच, सर," होयबा म्हणाला, आणि त्याने मधली उचलली.